कोल्हापुरात ॲनिमेशनवाले कोण कोण आहेत? भेटायचं कुठं आणि इव्हेंट कुठले धरायचे?

गंगावेस_फ्रेम

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा. पुण्यात एका स्टुडिओत तीन वर्षं टूडीला होतो, म्हणजे बहुतेक क्लीनअप (कच्च्या रेघा पक्क्या करणं) आणि इनबिटवीन (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं). लॉकडाउनात घरी आलो तो आलोच. आता घरूनच काम चालतं, लग्नाच्या डिजिटल पत्रिका, दुकानाचा लोगो फिरवून द्यायचा, गणपतीत मंडळांच्या एलईडी वॉलसाठी लूप, निवडणूक लागली की साहेबांचा फोटो ढगातून खाली आणायचा. पैसे मिळतात, रडगाणं नाही.

पण मागच्या महिन्यात एका पत्रिकेत नवरा-नवरी चालत येताना दाखवायचे होते, दीड हजाराचं काम, मी त्याच्या वॉक सायकलवर, म्हणजे चालण्याच्या चित्रांवर, दोन रात्री घातल्या. नवरीचा पदर चालताना दोन-तीन फ्रेम मागून येतो ना, थांबल्यावर जरा पुढं जाऊन परत बसतो, तो सगळा हातानं काढला. क्लायंटचा रिप्लाय आला, छान आहे फक्त मुलाच्या मामांचं नाव मोठं करा. बायकोला दाखवलं, ती म्हणाली गोड आहे. गोड आहे हो, पण मला कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं की इथं चुकलंय. स्टुडिओत असताना शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा फुकटात चुका काढायचा तेव्हा राग यायचा, आता त्याचीच आठवण येते.

तर विचारायचं असं की कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात ॲनिमेशन करणारे कुणी आहेत का आणि कुठं भेटतात का. दुसरं म्हणजे मुंबई-पुण्यात जे फेस्टिवल वगैरे होतात त्यातले कुठले खरंच एसटीचं तिकीट काढून जाण्यासारखे आहेत. आणि इथं आपलंच काहीतरी सुरू करायचं म्हटलं तर कशापासून करावं, कारण व्हॉट्सॲप ग्रुप मी दोनदा काढून बघितलाय, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात गुड मॉर्निंगचे फोटो सुरू झाले.

पेगबार_काका

गंगावेस, पदराचं वाचून बरं वाटलं रे. मी मुंबईत नव्वदीपासून या धंद्यात आहे, कागद, पेग बार (कागद जागेवर धरणारी पट्टी) आणि सेलवर (पारदर्शक शीटवर) सुरुवात केलेला माणूस, त्यामुळे थोडं बोअर करणार, चहा घेऊन बस.

इव्हेंटचं आधी सांगतो. मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तो डॉक्युमेंटरी, शॉर्ट फिल्म आणि ॲनिमेशनचाच आहे, १९९० पासून चालू आहे, दर दोन वर्षांनी, हल्ली सम सालात येतो. २०२४ चा अठरावा होता, जूनमध्ये, पेडर रोडला जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. तेव्हा पुण्यातही फिल्म अर्काइव्हमध्ये स्क्रीनिंग ठेवली होती म्हणजे तुझं अर्धं तिकीट वाचलं असतं. हा धर. बाहेरच्या देशांतल्या हातानं काढलेल्या, वाळूच्या, कठपुतळ्यांच्या फिल्म मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात, त्या यूट्यूबवर बघून कळत नाहीत, पडद्यावर रेघ थरथरते ती दिसते. आणि त्या जागेचं म्हणशील तर १९५६ ला डिस्नेचा क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटला शिकवायला आला होता आणि राम मोहन, ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात, ते त्याच्याच हाताखाली तयार झाले. आपल्याकडच्या धंद्याचं मूळ तिथं आहे, नवीन पोरांना हे सांगितलं की ते मोबाइल बघायला लागतात ते जाऊ दे.

टासी म्हणून संस्था आहे, द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया, २००१ ला मुंबईत सुरू झाली, त्यांचा ॲनिफेस्ट. तिथं नुसती भाषणं नसतात, कामं दाखवतात, आणि चहाच्या रांगेत ज्याचं काम तू टीव्हीवर बघितलंयस तो तुझ्यापुढं उभा असतो. मला एक सिरीज चहाच्या रांगेत मिळाली होती, मुलाखतीत नव्हे.

जानेवारीत पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, त्यात विद्यार्थ्यांच्या फिल्मचा वेगळा विभाग असतो, लाइव्ह ॲक्शन आणि ॲनिमेशन दोन्ही, तू विद्यार्थी नाहीस पण बघायला जा. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तुम्हाला मुंबईपेक्षा पणजी जवळ. तिथं २०२१ पासून क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो म्हणून निवड करतात, पस्तिशीच्या आतल्यांची, सुरुवातीला पंचाहत्तर जण घ्यायचे, २०२४ ला शंभर केले, ॲनिमेशनवाल्यांनाही जागा असते, आणि टीम पाडून अठ्ठेचाळीस तासांत फिल्म करायला लावतात. वय बसत असेल तर अर्ज टाकच.

आता तुझा तिसरा प्रश्न, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २८ ऑक्टोबर ही तारीख लिहून ठेव. १८९२ ला त्या दिवशी पॅरिसमध्ये एमिल रेनोनं हातानं रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर चालवून लोकांना दाखवल्या, ल्युमिएर बंधूंच्या तीन वर्षं आधी. म्हणून असिफा, म्हणजे ॲनिमेशनवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, तो जागतिक ॲनिमेशन दिवस म्हणून पाळते. असिफाची भारतातही शाखा आहे, बऱ्याच शहरांत त्या सुमारास कार्यक्रम होतात. फायदा असा की तुला निमित्त शोधावं लागत नाही. हॉलवाल्याला, कॉलेजच्या प्राचार्यांना, पेपरवाल्याला 'आम्ही चार पोरं भेटतोय' म्हटलं तर कुणी विचारत नाही, 'जागतिक दिवस आहे' म्हटलं की खुर्च्या लावून मिळतात.

रेंडर_अडकलंय

काकांनी गोड बाजू सांगितली, मी कडू सांगतो. इव्हेंट आणि फेस्टिवल म्हटलं की पाकीट घट्ट धरा.

माझी दोन मिनिटांची फिल्म, सात महिने खपून केलेली. मी फिल्मफ्रीवेवर, म्हणजे फेस्टिवलना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, बसून एका रात्रीत अकरा फेस्टिवलना पाठवली, प्रत्येकाची फी डॉलरमध्ये, तेव्हा काही वाटलं नाही, कार्डाचं बिल आल्यावर वाटलं. त्यातल्या पाच ठिकाणी मला 'अवॉर्ड' मिळालं. पाच! घरच्यांनी पेढे वाटले. मग एकाचा मेल आला की ट्रॉफी पाहिजे असेल तर वेगळे पैसे आणि कुरिअर वेगळं. नीट बघितलं तर तो फेस्टिवल दर महिन्याला होतो, कुठल्याही थिएटरमध्ये होत नाही, आणि त्याच महिन्यात माझ्याच कॅटेगरीत अजून बऱ्याच जणांना बेस्ट दिलेलं. ती पानाफुलांची दोन डहाळ्यांची खूण पोस्टरवर लावली की लोक लाइक करतात एवढंच. स्टुडिओत मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी त्या डहाळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या रील (आपल्या कामाचे तुकडे जोडलेला व्हिडिओ) लावा, आणि विसाव्या सेकंदाला बंद केलं.

म्हणून फी भरायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, प्रत्यक्ष पडद्यावर दाखवतात का, मागच्या वर्षी कुठल्या फिल्म दाखवल्या त्याची यादी आहे का, आणि परीक्षक कोण हे नावानिशी लिहिलंय का. तिन्हीला हो असेल तर भरा. ज्यांना फी नाही ते आधी.

आणि सरकारी बाजूनं म्हणाल तर २०२५ ला मे महिन्यात मुंबईत वेव्हज हे केंद्र सरकारचं मनोरंजन क्षेत्राचं संमेलन झालं, बीकेसीला, त्याच्या आधी तीसच्या वर स्पर्धा काढल्या होत्या, ॲनिमेशन फिल्मची होती, ॲनिमे-मांगाची होती. जुलैत पेडर रोडलाच आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) ही नवीन संस्था सुरू झाली, पुढं गोरेगावच्या फिल्मसिटीत जाणार. सप्टेंबरात राज्याचं एव्हीजीसी (ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स) धोरण मंत्रिमंडळानं मंजूर केलं, तीन हजार कोटींच्या वरचा आकडा. चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण धोरण मंजूर झालं त्या दिवशी मी एका साबणाच्या बुडबुड्याचं रेंडर (कॉम्प्युटरकडून अंतिम चित्रं काढून घेणं) चौथ्यांदा लावत बसलो होतो आणि पेमेंट नव्वद दिवसांनी.

सांगली_टूडी

मी सांगलीची, थर्ड इयर. गंगावेसदादा मी येईन भेटायला!! आमच्या वर्गात अठ्ठावीस जण आहेत आणि घरी जाऊन स्वतःचं काही काढणारे आम्ही दोघंच. रेंडरदादा, स्पर्धांना अर्थ नाही असं म्हणताय का तुम्ही?

रेंडर_अडकलंय

नाही गं. स्पर्धेत तारीख असते, तारखेमुळे फिल्म पूर्ण होते, तेवढा अर्थ आहे. माझ्या हार्ड डिस्कवर अर्धवट अशा नऊ पडल्यात आणि पूर्ण झालेली एकच, तिलाच डेडलाइन होती. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीतून दर ऑक्टोबरात विद्यार्थ्यांची चोवीस तासांची स्पर्धा चालते, पाच जणांची टीम, तीस सेकंदांची फिल्म, एक शिक्षक सोबत लागतो. ती कर. काही जिंकायची गरज नाही, चोवीस तासांनंतर त्या पाचातले कोण पुढं पण तुझ्यासोबत काम करतील ते कळतं.

काडेपेटी_बाई

मी नाशिकहून, शाळेत चित्रकला शिकवते, ॲनिमेशनवाली नाही, पण 'कशापासून सुरू करावं' याचं आमच्याकडचं सांगते, वाटलं तर घ्या.

आमचे दादासाहेब फाळके त्र्यंबकचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांची मौज म्हणून काड्या हलवून फिल्म केली होती हे माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं, खरं तर मलाही चाळिशीत कळलं. त्याच्याही आधी १९१२ ला पैसे लावणाऱ्याला पटवायला त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं होतं. म्हटलं कॅमेरा तर आता प्रत्येक घरात आहे, काडेपेटी पण आहे, करू.

पहिली अडचण मुख्याध्यापक, शाळेत काडेपेट्या आणायच्या नाहीत म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. मग मी दोन रात्री टीव्हीसमोर बसून चारशे काड्यांची गुलं तोडली. दुसरी अडचण खिडकी. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चिकटपट्टीनं बांधला, टेबलावर काळा कार्डपेपर, सगळं झकास, आणि घरी येऊन फोटो जोडले तर फिल्म नुसती लुकलुकत होती, कारण ढग येत-जात होते. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना जुन्या रांगोळी स्पर्धेचे बॅनर लावले, एकच टेबल लॅम्प, आणि मोबाइलमध्ये बोट दाबून धरून एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, लॉक केलं, मग बसलं.

सेकंदाला बारा फोटो असं यूट्यूबवर सांगतात पण सातवीची मुलं दहा सेकंदांना एकशेवीस फोटोंपर्यंत टिकत नाहीत, चाळिसाव्याला ढकलाढकली सुरू होते. मी आठवर आणलं, ऐंशी फोटोंत दहा सेकंद, थोडं धक्के खात चालतं पण काड्यांना ते शोभतं. मुलांनी काड्यांचा बैल केला आणि तो कुंपण खातो. म्हणजे कुंपण पण काड्यांचंच आणि खाल्लेल्या काड्या त्याच्या पोटात जाऊन तो मोठा होतो. हे मी सुचवलेलं नाही. एका फोटोत एका मुलीचा बांगडीवाला हात राहून गेला होता, मी तो काढून टाकणार तर सगळा वर्ग ओरडला, राहू द्या, तोच सगळ्यात भारी आहे. ठेवला. पालकसभेत दाखवली तेव्हा हशा तिथंच पडला.

सांगायचं काय तर तुमच्या ग्रुपमध्ये कामं दाखवायला चार जण येतील, पण असं हातानं काही ठेवलं तर त्यांची भावंडं, शाळेतली मुलं, त्यांचे पालक असे चाळीस येतील, आणि त्या चाळिसातून पुढचे चार मिळतील. आमच्याकडं आता दर सुट्टीत दोन मुलं स्वतःहून घरी येतात, एकाच्या वडिलांनी त्याला जुना स्टँड आणून दिलाय.

उचगाव_थ्रीडी

ए भावा गंगावेस!! मी उचगावात आहे की रे, तू पुण्यात काय शोधायलायस! ब्लेंडरवर काम करतो, दिवसा फाउंड्रीच्या कंपनीसाठी मशीनचे थ्रीडी व्हिडिओ, रात्री स्वतःचं. फुकटातलं सॉफ्टवेअर म्हणून आधी लोक हसायचे, त्या लॅटव्हियाच्या मांजराच्या फिल्मला २०२५ ला ऑस्कर मिळालं ती अख्खी ब्लेंडरवर केलेली, तेव्हापासून गप आहेत. तुझ्या टूडीला पण त्यात ग्रीज पेन्सिल म्हणून चित्र काढायचं टूल आहे बघ.

बाईंचं वाचून आमचं आठवलं. मी आणि मेव्हण्यानं शाडूत स्टॉप मोशन करायचं काढलं, मेव्हणा कुंभार गल्लीतला, म्हटलं मातीला काय तोटा. पैलवान केला लई भारी, लंगोट बिंगोट. लाइटखाली तासाभरात शाडू वाळला, पैलवान शड्डू ठोकायला गेला आणि दंडच निघून हातात आला. तेलातली माती वापरायची असती हे नंतर कळलं. त्यात पण मेव्हणा म्हणतोय फुटलेला पैलवान आखाड्यात चालतोय असंच करूया, ते राहिलंय अजून.

आणि काका, मुंबईचं सगळं सांगितलासा पण प्रभात आमच्या कोल्हापुरात निघाली १९२९ ला, ३३ ला पुण्याला गेली आणि ३४ ला त्यांनी जंबूकाका कार्टून काढलं. एक वर्ष! एक वर्ष थांबले असते तर आम्ही आज कसले फिरलो असतो गावभर.

जागेचं म्हणशील तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारूया, १८५० पासूनचं वाचनालय आहे, नाही म्हणणार नाहीत, आणि नाही म्हटले तर आमचा गाळा आहेच, रविवारी मशीन बंद असतंय. बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीची माणसं पण शाहू स्मारकला फिल्म दाखवतात, त्यांना विचारलं की एखादं ॲनिमेशनचं सत्र ठेवूया का तर जमंल.

पेगबार_काका

जंबूकाकाबद्दल कान पकडले. राहिलंच ते.

एक सुचवतो, आधी शाहू स्मारक नको. मोठा हॉल घेतला की पाहुणे येतात, पाहुणे आले की हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आणि काम दाखवायला वीस मिनिटं उरतात. गाळाच बरा. महिन्यातला एक रविवार पक्का करा, पहिला म्हणजे पहिला, लोक कमी आले म्हणून पुढं ढकलायचा नाही, दोघं आले तर दोघं. आणि नियम एकच ठेवा, अर्धवट काम आणायचं. पूर्ण झालेलं आणलं की लोक फक्त टाळ्या वाजवतात. पेन्सिल टेस्ट (नुसत्या रेघांची चाचणी) आणा, ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची वेळेत लावलेली फिल्म) आणा, ग्रे रंगातला प्लेब्लास्ट (थ्रीडीचा कच्चा व्हिडिओ) आणा. आम्ही नव्वदीत दादरला एकाच्या घरी जमायचो, त्याची आई पोहे करायची आणि आम्ही त्याच भिंतीवर एकमेकांच्या लाइन टेस्ट फाडून खायचो. त्यातले तिघं अजून माझ्या फोनमध्ये आहेत आणि काम त्यांच्याकडूनच येतं. ॲनिमेशन फिल्म करणाऱ्या गीतांजली राव माहीत असतील तुम्हाला, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या, त्यांची प्रिंटेड रेनबो २००६ ला कान्सच्या क्रिटिक्स वीकला गेली आणि बक्षिसं घेऊन आली, ती जवळजवळ एकटीनं काढलेली. एकटीनं काढता येतं. पण फ्रेम चुकलीय हे एकट्याला दिसायला फार वेळ लागतो.

गंगावेस_फ्रेम

बापरे, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. उचगाव, तुझं घर माझ्यापासून पंधरा मिनिटांवर आहे आणि मी पाच वर्षं एकटाच आहे म्हणून रडतोय, शिव्या घाल मला.

मग ठरवूया. येता पहिला रविवार, सकाळी दहा, उचगावचा गाळा. सांगलीताई, तू आणि तुझ्या वर्गातला तो दुसरा पण. ऑक्टोबरला वेळ आहे तोवर दोन-तीन रविवार नुसते एकमेकांचं बघूया, मग २८ च्या जवळच्या रविवारी बाईंच्या काड्या माझ्या मुलाच्या शाळेत, गुलं मी तोडतो. बाई, बैलाची फिल्म पाठवाल का, मुलांची परवानगी असेल तर?

आणि हो, पदराचा तुकडा जोडलाय खाली, बघा. नावं काढून टाकलीत, मामांसकट.

काडेपेटी_बाई

बैल पाठवते. मुलांना विचारलं, एकच अट आहे, हात कापायचा नाही.

उचगाव_थ्रीडी

बघितला. पदर नादखुळा आहे भावा, खरंच. पण पाय घसरतोय. डावा. जमिनीवर टेकल्यावर चार-पाच फ्रेम मागं सरकतोय बघ, नवरी फरशीवर तेल सांडल्यासारखी चाललीय.

गंगावेस_फ्रेम

आयला. हो की. दोन रात्री बघतोय आणि पायाकडं लक्षच नाही गेलं, सगळा पदरच बघत बसलो.

सांगली_टूडी

उजवा पण थोडा. प्रोजेक्टर कुणाकडे आहे?

उचगाव_थ्रीडी

माझ्याकडे आहे, केबल उंदरानं खाल्लीय. येताना कुणीतरी एचडीएमआय आणा, लांब, गाळ्यात प्लग पार कोपऱ्यात आहे.